सांजोवेझे: इटलीचं द्राक्ष सोलापुरात पिकतं, मग हिंगोलीत का नाही?

वसमतच्या मोंढ्यात हळद घेऊन आलेल्या शेतकऱ्याला विचारा, "कोणती हळद?" बहुतेक वेळा उत्तर येईल, "सेलम." आता सेलम हे गाव तमिळनाडूतलं. म्हणजे वाणाचं नाव तमिळनाडूचं, पण पीक हिंगोली जिल्ह्याच्या मातीतलं. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते मात्र 'वसमत हळद' या नावाला. वाण एक गोष्ट आणि गावाची ओळख दुसरी.

हा फरक लक्षात आला असेल तर इटलीचं सगळ्यात प्रसिद्ध काळं द्राक्ष समजायला तुम्हाला अजिबात वेळ लागणार नाही. त्या द्राक्षाचं नाव सांजोवेझे. 'कियांती' ही वाइन तुम्ही सिनेमात किंवा रीलमध्ये कधीतरी पाहिली असेल. ती याच द्राक्षापासून बनते. आणि हे द्राक्ष आज सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूज परिसरातही पिकतं.

मग साहजिकच प्रश्न येतो. अकलूजला जमतं, तर आपल्याकडे का नाही? आणि अकलूजच्या द्राक्षाची वाइन इटलीसारखीच लागते का? चला, एकेक करून बघू.

हे द्राक्ष आहे तरी कोणतं?

सांजोवेझे हे इटलीत सर्वाधिक क्षेत्रावर लावलेलं काळं द्राक्ष. त्याचं खरं घर मध्य इटली, आणि त्यातही टस्कनी हा प्रांत. फ्लॉरेन्स आणि सिएना ही शहरं याच प्रांतातली.

नावाचा अर्थ 'जोव्हचं रक्त' असा सांगतात. जोव्ह म्हणजे रोमन लोकांचा देवराज ज्युपिटर, आपल्या भाषेत गुरू ग्रहाचा देव. ही व्युत्पत्ती लोकपरंपरेतली आहे. लेखी नोंद मात्र सोळाव्या शतकाच्या अखेरची. १५९० च्या सुमारास सोदेरिनी नावाच्या फ्लॉरेन्सच्या लेखकाने द्राक्षशेतीवर लिहिताना या जातीचा उल्लेख केला आहे.

जन्माची कहाणीही रंजक आहे. २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी डीएनए तपासून सांजोवेझेचे आईबाप शोधले. एक होतं टस्कनीतलं चिलिएजोलो आणि दुसरं दक्षिणेकडच्या कालाब्रियाशी नातं सांगणारं, जवळपास विस्मरणात गेलेलं एक द्राक्ष. चिलिएजोलो हे खरंच पालक आहे की अपत्य, यावर पुढे अभ्यासकांत वाद झाला. पण दक्षिणेचं रक्त या जातीत आहे हे पुढे आलं. म्हणजे 'अस्सल टस्कन' समजलं जाणारं हे द्राक्षही पूर्णपणे टस्कनीचं नाही.

चव कशी असते?

वाइनच्या वर्णनात बरंच काही अगम्य लिहिलेलं असतं. सांजोवेझेपुरतं चार गोष्टी ध्यानात ठेवल्या तरी पुरे.

पहिली गोष्ट आंबटपणा. हा या द्राक्षाचा मुख्य गुण. कैरीची फोड जिभेवर ठेवली की तोंडाला पाणी सुटतं, तसंच या वाइनचा घोट घेतल्यावर होतं.

दुसरी गोष्ट तुरटपणा. याला टॅनिन म्हणतात. जांभूळ खाल्ल्यावर किंवा जास्त उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर हिरड्या आवळल्यासारख्या होतात ना, तेच हे. टॅनिन द्राक्षाच्या साली आणि बियांमधून उतरतं.

तिसरी गोष्ट वास. आंबट चेरी आणि आलुबुखार, त्यासोबत वाळलेल्या पानांचा, चहापत्तीचा, कधी टोमॅटोच्या पानाचा वास. बाटली काही वर्षं जुनी झाली की त्यात तंबाखू आणि चामड्याची छटा येते.

चौथी गोष्ट रंग. शिराझची वाइन गडद जांभळी, जवळपास काळी दिसते. सांजोवेझे त्या मानाने फिकी, माणकासारखी लाल. वय झालं की कडेने विटकरी होते. म्हणून रंग फिका दिसला म्हणजे वाइन पातळ किंवा भेसळीची, असं समजू नये.

इटलीत ही वाइन टोमॅटोच्या पदार्थांबरोबर घेतात, त्यालाही कारण आहे. टोमॅटो स्वतः आंबट असतो. त्यासमोर कमी आंबट वाइन ठेवली तर ती मचूळ लागते. सांजोवेझे तिथं टिकून राहते. आपल्या झणझणीत रश्श्याबरोबर मात्र जरा अडचण होते, कारण तिखटामुळे वाइनमधला तुरटपणा आणि अल्कोहोलचा चटका दोन्ही जास्त जाणवतात.

याला नखरेल द्राक्ष का म्हणतात?

कारण ते जागेप्रमाणे बदलतं. काही जाती कुठेही लावा, आपला ठरलेला स्वाद देतात. सांजोवेझे तसं नाही. एकाच डोंगराच्या दोन उतारांवर त्याची दोन वेगळी रूपं मिळतात.

वेलीचा स्वभाव बघा. ती लवकर फुटते आणि उशिरा पिकते. म्हणजे कोवळ्या फुटीला थंडीचा धोका आणि पक्व घडाला पावसाचा. मण्यांची साल पातळ, त्यामुळे तोडणीच्या आधी पाऊस झाला तर घडकूज लागते. वेल जोरदार वाढते आणि मोकळं सोडलं तर भरपूर घड धरते. पण घड जास्त झाले की रस पाणचट, रंग फिका आणि आंबटपणा टोचरा होतो.

म्हणूनच इटलीत उत्पादनावर कायद्याने मर्यादा घातलेली आहे. कियांती क्लासिको या नावाने वाइन विकायची असेल तर हेक्टरी ७५ क्विंटलपेक्षा जास्त द्राक्ष घेता येत नाही. म्हणजे एकरी साधारण ३ टन. आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षाचा बागायतदार एकरी १० टनांची भाषा करतो. 'उतारा किती?' हा आपला पहिला प्रश्न असतो. सांजोवेझेत उतारा वाढला की दर्जा खाली येतो, आणि नावही हातचं जातं.

जमिनीचंही तसंच. टस्कनीत ही वेल चांगली येते ती दगडगोट्यांच्या, चुनखडीच्या, पाणी झटकन निचरा होणाऱ्या डोंगरउतारांवर. वेलीला थोडी ओढ बसली की मणी लहान राहतात आणि रस घट्ट होतो.

कियांती, ब्रुनेलो ही वेगळी द्राक्षं आहेत का?

नाही. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

कियांती हा फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यामधला डोंगराळ प्रदेश. १७१६ मध्ये टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने फर्मान काढून त्याच्या हद्दी ठरवल्या. कोणत्या गावातली वाइन 'कियांती' म्हणायची, याचा हा सरकारी कागद तीनशे वर्षांपूर्वीचा. भौगोलिक मानांकनाची कल्पना किती जुनी आहे, ते यावरून कळतं.

१८७२ मध्ये बेत्तिनो रिकासोली या जमीनदाराने कियांतीचं सूत्र लिहून ठेवलं. त्यात सांजोवेझेला मुख्य स्थान होतं आणि जोडीला इतर द्राक्षं होती. हे रिकासोली एकेकाळी इटलीचे पंतप्रधानही होते. आज साध्या कियांतीत किमान ७० टक्के आणि कियांती क्लासिकोत किमान ८० टक्के सांजोवेझे असावं लागतं.

ब्रुनेलो ही मोंताल्चिनो या गावाची वाइन. तिथं १०० टक्के सांजोवेझेच चालतं. बियोंदी-सांती घराण्याने या जातीतल्या निवडक वेली वेगळ्या काढल्या आणि १८८८ च्या पिकापासून या वाइनची ओळख तयार केली. नियम असा की किमान दोन वर्षं लाकडी पिंपात आणि तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीपर्यंत बाजारात आणायची नाही. पीक आज, पैसा पाच वर्षांनी!

नियम कडक असले की ते मोडणारेही निघतात. अँतिनोरी घराण्याने १९७१ च्या पिकापासून 'तिन्यानेल्लो' ही वाइन बनवली. पुढे त्यात सांजोवेझेबरोबर काबर्ने सोव्हिन्यो हे फ्रेंच द्राक्ष आलं. तेव्हाच्या नियमात ती बसेना, म्हणून कियांती हे नाव न लावताच विकली गेली. आणि चक्क कियांतीपेक्षा महाग विकली गेली.

मग हे अकलूजला कसं पोहोचलं?

महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. वाइनरींना करात सवलती मिळाल्या. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस इथं वाइन पार्क उभे राहिले. त्यानंतरच्या काही वर्षांत राज्यात वाइनची द्राक्षं झपाट्याने वाढली. बहुतेक जाती मात्र फ्रेंच होत्या: शिराझ, काबर्ने सोव्हिन्यो, शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यो ब्लाँ.

२००७ च्या सुमारास अकलूजच्या परिसरात 'फ्रातेल्ली' ही कंपनी उभी राहिली. इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. नाव अगदी शब्दशः खरं आहे, कारण तीन घराण्यांतले भाऊ एकत्र आले: इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. वाइन बनवण्याची जबाबदारी टस्कनीच्या पिएरो मासी यांच्याकडे होती. ते आले तेव्हा त्यांच्या घरचं द्राक्षही आलं.

आज ही कंपनी सांजोवेझेची स्वतंत्र रेड वाइन बनवते. तिच्या 'सेत्ते' या वाइनमध्ये सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्यो यांचा मेळ आहे, म्हणजे तिन्यानेल्लोचीच वाट. सेत्ते म्हणजे सात. आणखी एक गंमत म्हणजे याच काळ्या द्राक्षापासून ती पांढरी वाइनही काढते. हे कसं शक्य आहे? द्राक्षाचा रंग सालीत असतो, गराचा रस जवळपास पांढराच असतो. तोडल्यावर लगेच दाबून रस सालीपासून वेगळा केला की रंग उतरतच नाही.

इथे ते वेगळं का पिकतं?

टस्कनी साधारण ४३ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि अकलूज १८ च्या आसपास. हा फरक नुसता नकाशावरचा नाही, वेलीचं अख्खं वेळापत्रकच बदलतो.

इटलीत हिवाळ्यात वेल झोपते. वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, काडी तयार होण्यासाठी. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, घड येण्यासाठी. तोडणी होते फेब्रुवारी-मार्चमध्ये.

आता महत्त्वाचा मुद्दा. टस्कनीत घड पिकत असताना हवा थंड होत जाते. महाराष्ट्रात घड पिकत असताना हवा तापत जाते. थंडीत पक्वता हळूहळू येते आणि आंबटपणा टिकतो. उन्हात साखर भराभर चढते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो. त्यामुळे इथं तोडणीचे योग्य दिवस थोडेच मिळतात. वाइनसाठी साखर साधारण २२ ते २४ ब्रिक्स लागते. खाण्याच्या थॉमसनला १८ च्या आसपासही चालतं. चार-पाच दिवस उशीर झाला तर साखर मिळेल, पण चव बसकी होईल.

सांजोवेझेचा जन्मजात आंबटपणा इथंच कामी येतो. मुळात शिल्लक जास्त असल्याने उन्हाने थोडी खाल्ली तरी काही उरतं. मऊ, कमी आंबट जातीला ही सोय नसते.

मग इटलीसारखी लागते का? नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये. आंबट चेरी आणि तुरटपणा ही घराण्याची खूण राहते, पण फळ अधिक पिकलेलं आणि चव अधिक ऊबदार येते. म्हणूनच अकलूजची बाटली 'सांजोवेझे' हे वाणाचं नाव लावू शकते, 'कियांती' हे गावाचं नाव नाही. सेलम कुठेही लावा, पण 'वसमत हळद' म्हणून विकता येणार नाही, तसंच हे.

आता मूळ प्रश्न: हिंगोलीत लावावं का?

'एकरी इतके लाख' असं सांगणाऱ्या रील्स रोज फिरतात. वाइनचं द्राक्ष म्हटलं की त्यात आणखी चमक येते. म्हणून थोडा हिशेब मांडू.

जमीन. हिंगोलीत काळी कसदार जमीन बरीच आहे. सोयाबीन-कापसाला ती वरदान, पण ती पाणी धरून ठेवते. सांजोवेझेसारखी जोमदार वेल तिथं पानांनी माजेल आणि रस पाणचट होईल. हलकी, मुरमाड, उताराची जमीन असेल तर गोष्ट वेगळी.

पाऊस. माळशिरस तालुका पर्जन्यछायेत येतो, हिंगोलीचा पाऊस त्याहून जास्त. परतीचा पाऊस लांबला तर फळछाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर डाऊनी येतो. आणि फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्याला नवी नाही. २०१४ ची गारपीट कोण विसरेल? उशिरा पिकणारी, पातळ सालीची जात नेमकी त्याच दिवसांत वेलीवर असते.

बाजार. हा सगळ्यात मोठा मुद्दा. वाइनचं द्राक्ष खायला विकता येत नाही. मणी बारीक, बिया मोठ्या, चव तुरट. बियांमुळे बेदाणाही होत नाही. म्हणजे गिऱ्हाईक एकच, वाइनरी. ते द्राक्ष तोडल्यावर शक्यतो त्याच दिवशी चिरडावं लागतं, आणि राज्यातल्या बहुतेक वाइनरी नाशिक, पुणे, सांगली, सोलापूर या पट्ट्यात, हिंगोलीपासून शेकडो किलोमीटर लांब.

हा धोका कागदावरचा नाही. २००८ नंतर मंदी आली, वाइनची मागणी घसरली आणि वाइनरींच्या टाक्या भरलेल्या राहिल्या. करारावर वाइनची द्राक्षं लावलेल्या अनेक शेतकऱ्यांच्या मालाला उठाव राहिला नाही. खाण्याचं द्राक्ष असतं तर बाजार समितीत नेता आलं असतं. यांना तोही रस्ता नव्हता. कित्येकांनी तयार बागा उपटून टाकल्या.

हळदीशी तुलना करून बघा. हळद नऊ महिन्यांचं पीक. दर पडला तर वाळवून, पॉलिश करून काही दिवस ठेवता येते, पुढच्या वर्षी पीक बदलता येतं. द्राक्षाला मांडव, ठिबक, कलमं यांचा खर्च आधी करावा लागतो, पहिलं बरं पीक मिळायला दोन-तीन वर्षं जातात आणि बाग पंधरा वर्षांचा संसार असतो.

तरीही कुणाला करायचंच असेल, तर क्रम उलटा ठेवा. आधी वाइनरीशी लेखी करार, त्यात दर, ब्रिक्स आणि माल नाकारण्याच्या अटी स्पष्ट. मग माती-पाण्याची तपासणी. मग पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला. कलमं सगळ्यात शेवटी.

बाटली हातात आली तर काय वाचायचं?

तीन गोष्टी बघा: द्राक्षाचं नाव, जागेचं नाव आणि पिकाचं वर्ष. 'सांजोवेझे' लिहिलं असेल तर ते वाण. 'कियांती' किंवा 'ब्रुनेलो दी मोंताल्चिनो' लिहिलं असेल तर ती जागा, आणि त्यामागे उत्पादनाची मर्यादा, मिश्रणाचे नियम आणि मुरवण्याची मुदत आली. नुसतं 'इटालियन स्टाइल' लिहिलं असेल तर त्यातून द्राक्षही कळत नाही आणि गावही.

आणि एक गोष्ट स्पष्ट असू द्या. रेड वाइन हृदयाला चांगली, असं पूर्वी सर्रास सांगितलं जायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित मानता येत नाही. वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. ती द्राक्षाची असली तरी दारूच आहे, आणि वयाचे व परवान्याचे नियम तिलाही लागू आहेत.

राहिला मूळ प्रश्न. कियांतीला तिचं नाव बाहेरून आणलेल्या वाणामुळे मिळालं नाही. तिथल्या लोकांनी आपल्या मातीत काय चांगलं येतं ते ओळखलं, त्याच्या हद्दी आखल्या, उत्पादनाला मर्यादा घातली आणि भेसळ होऊ नये म्हणून नियम केले. हिंगोलीकडे त्यासाठी लागणारं पीक आधीपासून आहे. त्याला मानांकनही मिळालं आहे. टस्कनीकडून घ्यायचंच असेल तर सांजोवेझेच्या कलमांआधी नाव जपण्याची ती पद्धत घेण्यासारखी आहे.